पिकासोसाठी सहा फूट

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी ‘निवृत्तीनंतरचा छंद’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर, स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका करून.)



माझ्या आधी तिघं बोलले. एकाने नर्मदा परिक्रमा पायी केली. एकीने साठाव्या वर्षी संस्कृत घेऊन एम. ए. केलं. तिसऱ्याने कोकणात कलमं लावली आणि येताना आपल्या सगळ्यांसाठी पेटी आणली. माझ्याकडे यातलं काहीच नाही. माझ्याकडे एक मासा आहे. तो खायचा नाही, आणि हात घातलात तर तोच तुम्हाला चावेल.

याचं मूळ कुठे आहे ते बाईंना आठवत असेल. आठवीच्या सहलीत आपण मुंबईला गेलो होतो. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय, १९५१ साली सुरू झालेलं. बाहेर आल्यावर बाईंनी मुलं मोजली, तर एक कमी. बाई परत आत गेल्या आणि मी एका काचेला नाक लावून उभा सापडलो. बाई, तेव्हा तुम्ही माझा कान धरलात, पण बाहेर काढण्याआधी तुम्हीही अर्धा मिनिट तो मासा बघत उभ्या राहिलात. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, आज सांगतो.

मग नोकरी, बदल्या, मुलांची शिक्षणं. काचेला नाक लावायला पुन्हा सवड मिळाली ती निवृत्तीनंतर. ठाण्याच्या घरात मी तीन फुटी टाकी बसवली. गोड्या पाण्याची नाही, खाऱ्या पाण्याची. त्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशची जोडी. २००३ च्या त्या सिनेमानंतर या माशाला सगळे ‘निमो’च म्हणतात. जोडी नातीसाठी होती, आणि तिच्या सोबतीला एक लाल-पांढरी क्लीनर कोळंबी. सहा महिने सगळं छान चाललं.

मग एका रविवारी दुकानात मला तो दिसला. दोन इंचांचा. अंगावर कोणीतरी ब्रशने निळे, पिवळे, काळे फटकारे ओढावेत तसे पट्टे, म्हणून नाव पिकासो ट्रिगर. शास्त्रीय नाव ऱ्हिनेकॅन्थस अ‍ॅक्युलिएटस. हिंद आणि प्रशांत महासागरातल्या प्रवाळ बेटांच्या आत जी उथळ, शांत खाडी असते, तिथला हा रहिवासी. आपल्या लक्षद्वीपलाही आहे. याच्या एका सख्ख्या भावाला हवाईने आपला राज्यमासा केलंय. त्याचं तिथलं नाव हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ. (पुन्हा म्हणायला सांगू नका.)

मी दुकानदाराला विचारलं, हा केवढा होतो? तो म्हणाला, “साहेब, टाकी जेवढी, मासा तेवढाच वाढतो.” हे वाक्य लक्षात ठेवा, कारण माझ्या सगळ्या चुकांची सुरुवात त्यातून आहे. आणि दोष त्याला देत नाही, मला ते ऐकायचंच होतं. दोन इंचांचं पिल्लू समोर, आणि मला ते घरी न्यायचं होतं.

मासा टाकीच्या मापाने वाढत नाही. तो त्याच्या जातीच्या मापाने वाढतो. अपुऱ्या जागेत, साचलेल्या घाणीत त्याची वाढ खुंटते हे खरं, पण ते आजारी मुलाची वाढ खुंटण्यासारखं आहे. त्याला कोणी ‘घराच्या मापाने वाढला’ म्हणत नाही. पिकासो ट्रिगर समुद्रात ३० सेंटिमीटरपर्यंत जातो, म्हणजे आपल्या कंपासपेटीतली लांब पट्टी नव्हे, फळ्यावरची फूटपट्टी. टाकीत तो सहसा त्याहून थोडा कमी राहतो. पण दोन इंचांचा कधीच राहत नाही.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी कोळंबी दिसेना. खडकामागे तिच्या दोन पांढऱ्या मिशा सापडल्या, बाकी काही नाही. मी स्वतःला समजावलं, कात टाकताना मेली असेल. सातव्या महिन्यात एका निमोची शेपटी कुरतडलेली दिसली. मी समजावलं, बुरशी असेल. आठव्या महिन्यात नात सुट्टीला आली होती. सकाळी उठून ती टाकीपाशी गेली आणि मला हाक मारायला आली. मोठा निमो तळाशी होता. पिकासो त्याच्यावरून येरझाऱ्या घालत होता.

ती सात वर्षांची. रडली नाही. तिने मला एवढंच विचारलं, “आजोबा, तो वाईट आहे का?”

मला उत्तर देता आलं नाही. या भाषणात मी जे काही सांगणार आहे, ते त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट, हा मासा मुळात कोण आहे. ट्रिगरफिशचं तोंड लहान दिसतं, पण दात छिन्नीसारखे आणि जबडा मजबूत. समुद्रात त्याचा धंदा कवच फोडण्याचा आहे. खेकडे, शिंपले, समुद्री साळू म्हणजे काटेरी अर्चिन. काही ट्रिगर तर तोंडातून पाण्याचा झोत मारून अर्चिनला उलटा पाडतात आणि खालची मऊ बाजू खातात. पाठीवर एक जाड काटा असतो. धोका वाटला की हा मासा खडकाच्या फटीत शिरतो आणि तो काटा उभा करतो. त्यामागचा दुसरा छोटा काटा त्याला खिट्टीसारखा अडकतो. मग मोठा मासा आला तरी त्याला बाहेर ओढता येत नाही. छोटा काटा दाबला की मोठा आपोआप पडतो, बंदुकीचा घोडा दाबावा तसा. म्हणून नाव ट्रिगर. असा मासा, जो आयुष्यभर स्वतःच्या हद्दीतली प्रत्येक हलणारी कवचाची वस्तू फोडत आला, त्याच्यासमोर मी एक क्लीनर कोळंबी ठेवली होती. तिला ‘सोबती’ म्हणणं हा माझा गैरसमज होता. त्याच्या लेखी ते ताट होतं.

दुसरी गोष्ट, हद्द. असा मासा एक भाग आपला मानतो आणि त्यात येणाऱ्याला हाकलतो. समुद्रात हाकललेला मासा दहा मीटर लांब जातो, तिथे भांडण संपतं. तीन फुटी टाकीत हाकललेला मासा जाईल कुठे? टाकी संपते, भांडण संपत नाही. माझा निमो एका फटक्याने मेला नाही. तो आठ महिने कुठेच जाऊ शकला नाही म्हणून मेला.

आता माझ्यापुढे रस्ते तीन होते. एक, मासा दुकानाला परत देणं. तो घ्यायला तयार होता. पण तो परत कोणाला विकणार? दुसऱ्या एखाद्या आजोबाला, दोन फुटी टाकीसाठी. दुसरा, शेजाऱ्यांनी सुचवला, “समुद्रात सोडून द्या, पुण्य लागेल.” हे कधीही करू नका, हे मी हात जोडून सांगतो. टाकीत वाढलेला मासा सोबत टाकीतले रोगही नेतो, आणि परक्या पाण्यात रुजला तर काय होतं त्याचं उदाहरण अमेरिकेत आहे. हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ च्या सुमारास फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसला. लोकांनी घरच्या टाक्यांतून सोडलेल्या माशांमुळे तो तिथे आला असं मानलं जातं. आज तो कॅरिबियनभर पसरून तिथल्या लहान माशांचा फडशा पाडतोय. तिसरा रस्ता म्हणजे त्याला त्याच्या मापाचं घर देणं.

मापाचं म्हणजे किती? इथे मी आपल्या गणिताच्या सरांची आठवण काढतो, कारण घनफळ मी त्यांच्याकडे शिकलो आणि ४५ वर्षांनी पहिल्यांदा वापरलं. माझी जुनी टाकी ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे साडेपाच घनफुटांच्या जरा वर, सुमारे १६० लिटर. पिकासोसाठी जाणकार मंडळी निदान पावणेपाचशे लिटर सांगतात. मी ६ फूट लांब, २ रुंद, २ उंच अशी टाकी ठरवली. २४ घनफूट, सुमारे ६८० लिटर.

पण लिटर ही अर्धीच गोष्ट आहे. टाकी बनवणारा मला म्हणाला, “साहेब, भिंत वाचवा. ४ फूट लांब, २ रुंद आणि ३ फूट उंच करू. पाणी तेवढंच.” गणित बरोबर, ४ गुणिले २ गुणिले ३ म्हणजे २४च. पण मासा वर-खाली राहत नाही, आडवा पोहतो, आणि हद्द मोजतो ती तळावर. सहा फुटी टाकीचा तळ १२ चौरस फूट, चार फुटीचा ८. पाणी तेवढंच, पण एक तृतीयांश जमीन गेली. शिवाय तीन फूट खोल टाकीत तळाशी हात पोचत नाही, आणि साफसफाई आपल्यालाच करायची असते. म्हणून भांडखोर माशाची टाकी घेताना आधी लांबी बघा, मग रुंदी, उंची सगळ्यात शेवटी.

आता वजन. इथे आपला सिव्हिल इंजिनिअर झालेला मित्र उपयोगी पडला. तो समोर तिसऱ्या रांगेत बसलाय आणि मान खाली घालून हसतोय. मी त्याला फोन केला, “अरे, हॉलमध्ये एक टाकी ठेवायची आहे.” तो म्हणाला, “ठेव की.” मी म्हटलं, “सहाशे लिटर.” तो म्हणाला, “हलू नकोस, मी येतो.” आला, आणि मला कागदावर मांडून दाखवलं. पाणी सहाशे किलोच्या वर. १२ मिलिमीटरची काच सव्वाशे किलो. वाळू, खडक, लोखंडी स्टँड, खालची गाळणीची टाकी, सगळं मिळून जवळजवळ एक टन. राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून आखतात, आणि माझी टाकी सव्वा चौरस मीटरही जागा व्यापत नव्हती. त्याने इमारतीचे नकाशे मागवले, बीम कुठून जातो ते पाहिलं, आणि मला हवी होती ती खिडकीजवळची जागा साफ नाकारली. बीमवरच्या भिंतीला लागून, कॉलमच्या जवळ, हीच एक जागा त्याने मान्य केली. तिथे सोफा होता. सौ.ने विचारलं, “सोफा की मासा?” मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच सोफा भाचीकडे पाठवला. तुमच्यापैकी कोणाला मोठी टाकी ठेवायची असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. गॅलरीत तर ठेवूच नका.

पाण्याबद्दल थोडक्यात सांगतो, नाहीतर दुपारच्या जेवणाला उशीर होईल. मुंबईच्या किनाऱ्यावरचं पाणी मी वापरत नाही. ते स्वच्छ नसतं आणि पावसाळ्यात पातळ होतं. गाळलेल्या आर. ओ. पाण्यात मत्स्यालयाचं खास मीठ मिसळायचं, लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास. पहिल्या भरणीलाच वीस किलोंच्या वर मीठ लागलं. मग टाकी सहा आठवडे माशांविना चालू ठेवायची. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. हे जिवाणू खडकांवर रुजायला वेळ लागतो. घाई केली तर मासे मरतात, एवढं सरळ आहे. ट्रिगर खातो भरपूर आणि सांडतोही भरपूर, म्हणून फेस काढणारा स्किमर टाकीच्या मापापेक्षा मोठा घेतला, आणि दर पंधरा दिवसांनी शंभर लिटर पाणी बदलतो. हीटर, वायर त्याच्या दातांच्या आवाक्याबाहेर, खालच्या टाकीत. आपल्या हवेत हीटरपेक्षा चिलरचीच गरज जास्त. आणि हो, खडक कृत्रिम आहेत. आपल्याकडे प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मेलेल्या प्रवाळाचे पांढरे तुकडे कोणी शोभेसाठी विकत असेल तर घेऊ नका.

आता मुख्य प्रश्न, सोबती. मी पहिल्यांदा विचार केला होता तो असा: कोणते मासे सुंदर दिसतील? प्रश्नच चुकीचा होता. विचारायचं असतं ते असं: याच्या टाकीत कोण टिकेल, आणि कोणाचं काय त्याला खुपेल?

मी शिकलेले नियम सांगतो. कवचाचं काहीही नको: कोळंबी, खेकडा, गोगलगाय, अर्चिन. ती सजावट नव्हे, जेवण. त्याच्या तोंडात मावेल असा मासा नको, आणि निमोसारखा लहान, हळू पोहणारा, एकाच कोपऱ्यात राहणाराही नको. लांब झुलत्या परांचा नको. लायनफिश दिसायला दांडगा आणि विषारी काट्यांचा, पण ट्रिगर त्याचे पर कुरतडतो. त्याच्यासारखाच दिसणारा, त्याच आकाराचा नको, कारण सगळ्यात मोठा राग स्वतःसारख्याचाच असतो. दुसरा ट्रिगर तर नकोच. मग कोण हवा? त्याच्या बरोबरीचा किंवा त्याहून मोठा, चपळ, वेगळ्या आकाराचा, वेगळं खाणारा, आणि टाकीच्या वेगळ्या भागात राहणारा.

हे नियम लावून मी तिघं निवडले. पहिला फॉक्सफेस, पिवळाधमक रॅबिटफिश. शेवाळ खातो, म्हणजे पिकासोच्या ताटात हात घालत नाही. पाठीच्या काट्यांत विष आहे, त्यामुळे त्याला कोणी सहज त्रास देत नाही. दुसरा चंद्रकोर शेपटीचा मून रास. दिवसभर पोहतो, वेगाने पोहतो, हाकललं तर सापडत नाही. तिसरा स्नोफ्लेक मोरे, वाम माशासारखी लांब, पांढऱ्या-काळ्या नक्षीची, दिवसभर फटीत पडून राहणारी. तिचा आकारच इतका वेगळा की पिकासो तिला मासा मानतो की नाही याची मला शंका आहे. रास उडी मारतो आणि मोरे निसटते, म्हणून टाकीला घट्ट जाळीचं झाकण.

प्रत्येकाला आधी चार आठवडे वेगळ्या दोन फुटी टाकीत ठेवलं. नव्या माशाबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येऊ शकतो, आणि मोठ्या टाकीत तो शिरला की सगळ्यांना भोवतो. त्या टाकीत फक्त प्लंबिंगच्या पाइपचे तुकडे, लपायला. ही घरातली तिसरी टाकी. सौ. त्या दिवशी काही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

आणि आता क्रम. सगळ्यात महत्त्वाचं हेच. भांडखोर मासा सगळ्यात शेवटी सोडायचा. जो आधी येतो, तो घर आपलं मानतो. पिकासोला आधी सोडलं असतं तर सहा फूटही त्याचेच झाले असते आणि बाकीचे तिघं पाहुणे, तेही नको असलेले. म्हणून पाच महिने तो जुन्या तीन फुटी टाकीत एकटा राहिला. वाचलेला निमो मी आधीच दुसरीकडे हलवला होता. तिघं नव्या टाकीत रुळले, प्रत्येकाने आपापली झोपायची जागा ठरवली, हातातून खायला लागले, तेव्हा मी पिकासोला उचललं. जाळीने नाही. जाळीत त्याचा काटा अडकतो आणि सोडवताना तो जखमी होतो. पाण्यातच प्लास्टिकचा डबा आडवा धरायचा आणि त्याला आत जाऊ द्यायचं. डबा धरताना बोट पुढे राहिलं, त्याची खूण अजून आहे, जेवताना दाखवीन.

सोडण्याच्या आदल्या रात्री मी टाकीतले खडक हलवून मांडणी बदलली. आपल्याला आठवतंय ना, दर जूनला वर्गशिक्षक बाक बदलायचे? पहिले आठ दिवस कोणालाच कोणावर दादागिरी करायला वेळ नसायचा, सगळे आपली जागा शोधत असायचे. तीच युक्ती. कालची हद्द आज नसते, त्यामुळे जुने आणि नवे सारखेच गोंधळलेले असतात. शिवाय एक आठवडा टाकीत मधोमध पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची भोकांची भिंत घातली. ते एकमेकांना बघत होते, वास घेत होते, दात लावू शकत नव्हते.

आठव्या दिवशी रविवार होता. मी सगळ्यांना पोटभर खायला घातलं, दिवे मंद केले आणि भिंत काढली. नात व्हिडिओ कॉलवर होती. पिकासो हळू हळू मध्यरेषा ओलांडून गेला. रासने त्याच्या अंगावरून झडप घेतली. पिकासोने घशातून घुरघुर आवाज काढला. हो, हा मासा आवाज काढतो, काचेबाहेरही ऐकू येतो. मग त्याने रासचा पाठलाग केला, आणि मी डबा हातात घेऊन उभा. रास सहा फूट सरळ गेला, वळला, खडकामागे नाहीसा झाला. पिकासो तीन फुटांवर थांबला आणि परतला. माझ्या जुन्या टाकीत तीन फुटांवर काच होती. इथे तीन फुटांवर त्याला परत यायला जागा होती. पाठलाग पाच दिवस चालला, दर दिवशी कमी. सहाव्या दिवशी तो उजवीकडच्या खालच्या कपारीत झोपला, आणि ती आजही त्याचीच आहे.

सगळं बरोबर केलं असं मी म्हणणार नाही. वर्षभराने एका मित्राने आपला काटेरी पफर मला फुकट देऊ केला. गोल, गरीब चेहऱ्याचा, बायकामुलांना आवडणारा. पफर हळू असतो हे मला माहीत होतं, तरी घेतला. चार दिवसांत त्याच्या शेपटीला चावे पडले. पाचव्या दिवशी परत नेऊन दिला. मित्राने माफ केलं. पफरचं माहीत नाही.

सगळे ट्रिगर सारखे नसतात हेही सांगतो, कारण भाषणानंतर कोणीतरी दुकानात जाणार. निळसर-काळा, लाल दातांचा नायजर ट्रिगर त्यातल्या त्यात शांत, पण अर्धा मीटरपर्यंत वाढतो. पिकासो मधला. पांढऱ्या ठिपक्यांचा क्लाउन ट्रिगर लहानपणी इतका गोड की तुम्ही फसता. तोही अर्ध्या मीटरपर्यंत जातो आणि मोठेपणी एके दिवशी सोबत्यांवर उलटू शकतो. केशरी रेघांचा अंड्युलेटेड ट्रिगर सगळ्यात कडक, तो एकटाच ठेवावा. शिवाय जातीपलीकडे प्रत्येक माशाचा स्वभाव असतो. माझ्या पिकासोचं जे जमलं ते तुमच्याचं जमेलच असं नाही, म्हणून रिकामी दोन फुटी टाकी आणि परत घेणारा एक माणूस कायम तयार ठेवावा.

खाणं मी बाजारातून आणतो. कोळंबी सालासकट, तिसऱ्या शिंपल्यासकट, थोडी माकुल. आधी गोठवून मग देतो. शिंपला मुद्दाम, कारण त्याचे दात सतत वाढतात आणि फोडायला काही मिळालं नाही तर ते लांबतात. फॉक्सफेसला सुकं समुद्री शेवाळ. कोळीण विचारते, “सहाच कोळंब्या? वहिनी रुसल्या काय?” संकष्टीला आमच्या घरात मासे नसतात, फ्रीजच्या खालच्या कप्प्यातला डबा सोडून. देवाने आतापर्यंत चालवून घेतलंय.

आता शेवटचं, आणि हे मला मोकळेपणाने फक्त इथेच बोलता येईल. मी ६१ वर्षांचा. हा मासा नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. घेताना मी त्याची लांबी विचारली होती, आयुष्य विचारलं नव्हतं. गेल्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली. दवाखान्यात चार दिवस होतो. पहिल्या रात्री मुलाने विचारलं, “बाबा, काही हवंय?” मी म्हटलं, “फॉक्सफेसला शेवाळ दे.” त्याला फॉक्सफेस कोणता हेही माहीत नव्हतं. शेजारच्या मुलाने आणि सौ.ने मिळून फोनवर विचारत विचारत चार दिवस काढले. घरी आल्यावर मी एक वही केली. कोणाला काय, किती, पाणी कधी, लाइट गेली तर बॅटरीचा पंप कुठे, पिकासो फटीत अडकला तर ओढायचा नाही, दिवा घालवून वाट बघायची. शेवटच्या पानावर लिहिलंय, मी नसलो तर हा कोणाकडे जाईल. पहिलं नाव तिसऱ्या रांगेतल्या इंजिनिअरचं आहे. त्याने होकार दिलाय, पण तो माझ्याच वयाचा. म्हणून दुसरं नाव हवंय. तुमच्या घरी, तुमच्या मुलाकडे, पुतण्याकडे बीमवरची सहा फुटी भिंत असेल आणि घरात सहा महिन्यांची चिकाटी असलेलं कोणी असेल, तर जेवणाच्या वेळी मला भेटा. टाकी, स्टँड, चिलर, सगळं सोबत देईन. अट एकच, दुसरा ट्रिगर आणायचा नाही.

नातीला मी उत्तर दिलं. या मे महिन्यात ती आली तेव्हा. ती आता दहा वर्षांची आहे. मोठ्या टाकीसमोर बसलो होतो. मी म्हटलं, “तू विचारलं होतंस, तो वाईट आहे का. तो वाईट नाही. जागा कमी होती, सोबती चुकीचे होते, आणि ते दोन्ही मी निवडलं होतं. निमो माझ्यामुळे गेला.” ती बराच वेळ पिकासोकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मग आता दुसरा निमो आणायचा नाही त्याच्यात.” मी म्हटलं, “नाही.”

वाचलेला निमो आता त्याच जुन्या तीन फुटी टाकीत आहे. त्याला ती पुरते. ती टाकी कधी चुकीची नव्हतीच.

बाई, तुम्ही माझं भाषण पूर्ण होऊ दिलंत. घरी या. या वेळी काचेपासून कोणी कान धरून नेणार नाही.